स्वयंपाकघरात दुसरा पाट

वर्धा शहराच्या कोणत्याही हमरस्त्याने आज सहज चालत गेले, तरी मॉड्युलर किचनची एखादी ठळक पाटी दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. आणि त्या पाटीवरील चित्र किंचित थांबून न्याहाळले, तर असे दिसते की त्यातील ओट्यावर पिठाचा कण नाही, भिंतीवर फोडणीचा शिंतोडा नाही, आणि बहुधा माणूसही नाही. ज्या खोलीत घरातील एक व्यक्ती दिवसाचे कित्येक तास उभी राहून किंवा बसून राबते, तिची शोभा त्या व्यक्तीला वगळून योजण्याची ही रीत आता आपल्या मध्यमवर्गाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून, असलेला ओटा फोडून, चांगल्या टणक भिंतींवर चकचकीत फळ्यांची आवरणे चढवून घेतल्यावर घरमालकास कृतकृत्यता वाटते. आणि पुढच्या वैशाखात त्याच खोलीत त्याच घरातील गृहिणी त्याच उकाड्याने कासावीस झाली, तर तिला तो ऋतूचा दोष म्हणून सांगण्यात येतो. या खर्चाचा बराचसा भाग अनाठायी आहे, आणि स्वयंपाकघर हवेहवेसे वाटावे यासाठी जे करणे अवश्य आहे ते त्याच्या अल्पांशात होऊ शकते, असे माझे मत आहे. आणि हे मत मांडण्यास वर्ध्याइतके योग्य गाव दुसरे नसेल, कारण या प्रश्नाचा विचार येथे पूर्वीच एकदा झालेला आहे.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जमनालाल बजाजांनी आपली वर्ध्याची बाग त्या कार्यास दिली, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव पडले, आणि जे. सी. कुमारप्पांच्या चिटणीसपदाखाली तेथे तेलघाणी, हातकागद, भातसडाई, मधमाशीपालन यांचे प्रयोग सुरू झाले, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच मगनवाडीने चुलीचाही विचार केला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मगन चूल’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली ती चूल पाहण्यास अगदी साधी होती: माती-विटांचे बंदिस्त बांधकाम, जळण सारण्यास एक तोंड, पहिल्या भांड्याखालून निघालेली आच वाया न घालवता दुसऱ्या भांड्याखाली नेणारा आतला मार्ग, आणि शेवटी धूर घराबाहेर सोडणारे धुराडे. आमच्या या कापसाच्या मुलखात जळण म्हणजे मुख्यत्वे पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या भरभर जळतात, सतत पुढे सारत राहावे लागते, आणि थोड्या ओलसर असल्या की धुराने सारे घर भरून टाकतात. फुंकणी हाती धरून, डोळ्यांतले पाणी पदराला पुसत बसणाऱ्या बाईला नवे घर बांधून देण्याची ऐपत त्या काळी कोणाची नव्हती, म्हणून मगनवाडीने घर होते तसेच ठेवले, भिंती तशाच ठेवल्या, कवेलूंचे छप्पर तसेच ठेवले, आणि फक्त धुराला वाट काढून दिली. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींचे आदि निवास उभे राहिले तेही पाचशे रुपयांच्या मर्यादेत, आसपासच्या मालमसाल्यातून व आसपासच्याच मजुरांच्या हातून. ते पाहिलेल्या माणसाला काटकसर आणि प्रसन्नता एकत्र नांदू शकतात, हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

तथापि मगनवाडीचे नाव घेऊन सर्व काही सुरळीत झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८३ च्या सुमारास देशभर सुरू झाला, अनुदानाची तरतूद झाली, गावोगाव चुली बांधल्या गेल्या, त्यांची दप्तरी नोंद झाली, आणि २००२ साली केंद्राने त्या कार्यक्रमातून अंग काढून घेतले, तोवर त्यांतल्या असंख्य चुली मोडून किंवा नुसत्या पडून राहिल्या होत्या. याची कारणे शोधण्यास मोठ्या पंडिताची गरज नाही. धुराडे काजळीने भरले की ते झाडावे कोणी, हे कोणी सांगितले नव्हते. भोकाचा आकार घरातल्या भांड्यांच्या बुडाशी जुळत नव्हता. आणि ज्या मुलखात ज्वारीची भाकर तव्यावर भाजून झाल्यावर निखाऱ्यांपुढे टेकवून फुगवायची असते, तेथे चुलीचे तोंड अरुंद करून टाकले की बाईने उलथण्याने ते पुन्हा रुंद करून घ्यावे, यात तिचा हेकटपणा कसला? रांधणाऱ्या व्यक्तीस न विचारता केलेली सुधारणा रांधणारी व्यक्तीच मोडून टाकते. आजच्या मॉड्युलर किचनचीही गत पुष्कळदा हीच होते. फरक एवढाच की ते महाग असल्यामुळे मोडता येत नाही, सोसावे लागते.

या साऱ्या फॅशनचे मूळ पाहू गेल्यास ते १९२६ च्या फ्रँकफुर्टमध्ये सापडते. तेथील नगरपालिकेच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा कित्ता समोर ठेवून सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर योजले, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. गृहिणीची पावले वाचावीत हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. सरकते दार, आटोपशीर खण, बसून भाजी चिरण्यासाठी फिरते स्टूल, या सर्वांत बुद्धी दिसते. मात्र तोपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे तिनेच पुढे सांगितले आहे, आणि ते कबूल करण्यातली सरळता मला तिच्या आराखड्याइतकीच आवडते. त्या खोलीचा खरा दोष पुढच्या पिढीतील स्त्रियांनी दाखवून दिला: तिच्यात एकाच माणसापुरती जागा होती. पावले वाचली, पण शेजारी बसून दोन शब्द बोलणारे कोणी उरले नाही.

असे असता, ज्यांना मोडतोड करावयाची नाही वा करणे परवडत नाही, त्यांनी प्रथम काय करावे? माझ्या मते प्रथम उजेडाची तजवीज करावी. आपल्याकडे विजेचा दिवा छताच्या मधोमध लावण्याचा दस्तूर आहे. परिणामी ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाची सावली त्याच्याच हातांवर, म्हणजे नेमकी चिरायच्या भाजीवर आणि उतू जाऊ पाहणाऱ्या दुधावर पडते. तोच दिवा, किंवा एखादी एलईडी पट्टी, ओट्यावरील फळीच्या खालच्या अंगास लावली, तर एका दुपारच्या कामात ती खोली निराळी भासू लागते. त्यापाठोपाठ भिंती. वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीवर थेट चुना दिला तर तो धरत नाही, पापुद्रे सुटतात, आणि मग चुन्याला नावे ठेवली जातात. आधी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने भिंत घासून, नीट वाळू देऊन, मग चुन्याचे दोन पातळ हात दिले, तर खिडकीतून येतो तेवढाच प्रकाश खोलीभर पसरतो. आमच्या खेड्यांत दिवाळीपूर्वी चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीने सारवीत, त्यामागे धार्मिक पावित्र्याबरोबर हा उजेडाचा व्यवहारही होता.

यानंतर उष्णता, आणि ही बाब वर्धा जिल्ह्यात दुय्यम मानता येणारच नाही. जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही, तेथे संध्याकाळच्या स्वयंपाकाला पश्चिमेची तापलेली भिंत आणि शेगडी यांच्या मध्ये उभे राहणे काय असते, हे दिवाणखान्यात कूलरपुढे बसून कळत नाही. खिडकी उघडली की गॅसची ज्योत हलते, म्हणून ती बंद ठेवतात. तिच्या खालच्या अर्ध्या भागास काच किंवा फळी लावून वरचा भाग उघडा ठेवला तर ज्योतही स्थिर राहते आणि हवाही खेळते. तापलेली हवा वर जाते, हे शाळेत शिकूनही आपण धूर ओढणारा पंखा पुष्कळदा खाली, सुताराला सोयीचे पडेल तेथे बसवून घेतो. तो छताजवळ आणि हवा आत येण्याच्या वाटेच्या समोरच्या बाजूस हवा, नाहीतर शेजारच्या फटीतूनच हवा ओढून तो नुसता घरघरत राहतो. छत टिनाचे किंवा स्लॅबचे असल्यास फाल्गुनात त्यावर चुना द्यावा. पश्चिमेच्या खिडकीवर दोडक्याचा किंवा वालाचा वेल चढवण्याची आपल्या आजीबाईंची पद्धत मला कोणत्याही पडद्यापेक्षा श्रेष्ठ वाटते. मात्र वेल पावसाळ्यात फोफावतो आणि ऊन छळते ते उन्हाळ्यात, म्हणून पाण्याची सोय असेल त्यांनीच माघात बी लावावे, बाकीच्यांनी वाळ्याच्या किंवा बांबूच्या तट्ट्यावर समाधान मानावे.

ओट्याच्या उंचीविषयी गवंड्यांचे एक ठरलेले माप असते, आणि ते घरातल्या बाईच्या उंचीवरून घेतलेले क्वचितच असते. उभ्याने काम करताना ओटा कोपरापेक्षा वीतभर खाली असावा. तो उंच असेल तर पायांखाली लाकडी फळी घ्यावी, ठेंगणा असेल तर शेगडीखाली दगडी लादी सरकवावी. भाकर थापण्यास व कणीक तिंबण्यास मात्र त्याहूनही खाली जागा लागते, कारण त्या कामात खांद्यांचा जोर वरून यावा लागतो; म्हणून पुष्कळ घरांत भर ग्रॅनाइटच्या ओट्याखाली, जमिनीवर परात मांडून बसलेली सासूबाई दिसते, आणि सुनेला त्याचा संकोच वाटतो. संकोचाचे कारण नाही. एक बुटकी, मजबूत तिवई आणि एक पाट तिच्यासाठी कायम मांडून ठेवावा, म्हणजे झाले.

भांड्यांच्या पसाऱ्यासंबंधी फार लिहावेसे वाटत नाही. लग्नामुंजींत आलेली, आहेर देणाऱ्यांची नावे कोरलेली, कधीही न वापरलेली डझनावारी पेले-वाट्यांची चळत फडताळातून उतरवली की नव्या कपाटाची गरज आपोआप नाहीशी होते. कोणाचे नाव आधी काढावयाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबाने आपल्या अखत्यारीत सोडवावा.

यांहून महत्त्वाचे जे आहे त्याला पैसा जवळजवळ लागतच नाही. ज्या खोलीत दुसऱ्याला टेकण्यास जागा नाही, ती कितीही उजळ असली तरी कोणाला बोलावीत नाही. स्वयंपाकघरात दुसरा एक पाट, दुसरे एक स्टूल, रुंद खिडकी असल्यास तिच्या कट्ट्यावर एक सतरंजीची घडी, एवढे असले की शेंगा सोलायला आजोबा येतात, पाढे म्हणायला मूल येते, आणि गोरसपाक बिस्किट चहात बुडवीत शेजारीण सांगायची ती बातमी तेथेच सांगते. पूर्वी असे का होत नसे, याचे एक कारण जागेची टंचाई हे होते, पण दुसरे अधिक कठोर होते. सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबाने आपल्याकडील स्वयंपाकघर ही घरातील सर्वांत बंदिस्त खोली झाली होती. माजघरापर्यंत येणाऱ्यासही चुलीपर्यंत मुभा नसे, आणि जातीवरून तर ओसरीच हद्द ठरत असे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालालजींनी अस्पृश्यांस खुले केले त्याचा गौरव आपण सार्थ अभिमानाने करतो. परंतु देवळाचे दार उघडणे हे एका प्रमुख गृहस्थाच्या निश्चयाने होऊ शकते, चुलीपाशी पाट मांडणे हे घरोघर निरनिराळे व्हावे लागते, आणि ते अद्याप सर्वत्र झाले आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. सेवाग्राम आश्रमाच्या रसोड्यात मात्र हा भेद ठेवलेला नव्हता; तेथे भाजी निवडणे व वाढणे ही पुरुषांचीही कामे होती. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमचे जे शिक्षण सेवाग्रामात सुरू झाले, त्यात तर स्वयंपाकघर हाच एक वर्ग होता: किती माणसांना किती धान्य, त्याचा जमाखर्च काय, कोणत्या भाजीत कोणते सत्त्व, हे मुलगे आणि मुली प्रत्यक्ष रांधता-वाढताना शिकत. ज्या घरात मुलाला स्वयंपाकघरात काम असते, त्या घराला ते आकर्षक करण्यासाठी निराळी योजना आखावी लागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे: ही सगळी सुधारणा स्वतःच्या घराची, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने काय करावे? सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय, हिंदी विश्वविद्यालय, सरकारी कचेऱ्या यांमुळे वर्ध्यात अशा भाडेकरूंची संख्या लहान नाही, आणि भिंतीला एक खिळा ठोकण्यासही त्यांना परवानगी मागावी लागते. त्यांच्यासाठी क्रम थोडा बदलावा लागेल. पंखा व खिडकी ही घरमालकाची बाब. परंतु फळीखालचा दिवा चिकटपट्टीने लागतो, पायांखालची फळी, तिवई आणि पाट हे बिऱ्हाडाबरोबर हलवता येतात, आणि चुना देण्याची परवानगी मात्र अवश्य मागावी, कारण आपल्या खर्चाने घर पांढरे करून देऊ म्हणणाऱ्या भाडेकरूला नकार देणारा घरमालक सहसा आढळत नाही. परवानगी तोंडी न घेता चिठ्ठीवर घ्यावी, म्हणजे खोली सोडताना अनामत रकमेच्या हिशेबात चुन्याचा वाद निघणार नाही.