ऑनलाइन योगशिक्षक कोर्स: पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

दरवर्षी २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या आसपास मोबाइलवर एकाच साच्यातल्या जाहिराती दिसू लागतात. '२०० तास, २८ दिवस, घरबसल्या, आंतरराष्ट्रीय मान्यता.' खाली 'आजच नोंदणी केल्यास सवलत' असतंच.

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिरसाळ्यासारख्या गावात ही जाहिरात आशेने वाचली जाते. लोणावळ्याला किंवा मुंबईला महिनाभर राहून शिकणं घरसंसार आणि शेती सांभाळणाऱ्या बाईला सहसा जमत नाही. तिच्यासाठी ऑनलाइन कोर्स ही खरीच सोय आहे. प्रश्न असा की, पैसे मोजून हाती आलेल्या कागदावर पुढे काय मिळतं?

'मान्यताप्राप्त' म्हणजे कुणाची मान्यता?

भारतात खासगी योगवर्ग चालवायला डॉक्टर किंवा वकिलासारखा परवाना लागत नाही. त्यामुळे 'मान्यता' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जाहिरातींत मुख्यतः दोन नावं येतात.

पहिलं, योग अलायन्स. ही अमेरिकेतली बिगरसरकारी, ना-नफा संस्था आहे. ठरावीक निकषांच्या शाळेत शिकलेल्यांची ती शिक्षक म्हणून नोंदणी करते. 'आरवायटी २००' या अक्षरांचा अर्थ एवढाच. ती सरकारी मान्यता नाही. ही नोंदणी टिकवायला दरवर्षी शुल्क भरावं लागतं. परदेशात किंवा परदेशी पर्यटकांना शिकवायचं असेल, तर तिचा उपयोग होतो. २०२० मध्ये कोरोनामुळे या संस्थेने ऑनलाइन प्रशिक्षणाला मुभा दिली आणि अशा कोर्सेसची संख्या झपाट्याने वाढली.

दुसरं, योग सर्टिफिकेशन बोर्ड. हे २०१८ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाअंतर्गत स्थापन झालं. 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर' ही त्याची शिक्षकांसाठीची पहिली पायरी, अभ्यासक्रम २०० तासांचा. त्यापुढे 'योग वेलनेस इन्स्ट्रक्टर', ४०० तासांचा. त्याच्याही वर आणखी पायऱ्या आहेत आणि उपचारासाठीच्या योगाची प्रमाणपत्रं वेगळी आहेत. बोर्डाची परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही असते.

इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, बोर्डाच्या परीक्षेला अमुकच संस्थेचा कोर्स करून बसावं लागतं असं नाही. स्वतः तयारी करूनही अर्ज करता येतो. म्हणजे कोर्स ही परीक्षेची तयारी झाली, परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हे. 'आमच्या कोर्समध्ये बोर्डाचं प्रमाणपत्र मिळेल' असं कुणी म्हणत असेल, तर परीक्षा फी त्यात धरली आहे का, प्रात्यक्षिक कुठे होईल आणि नापास झाल्यास काय, हे विचारावं.

आधी काम ठरवा, मग कोर्स

आयुष्मान आरोग्य मंदिरांत अर्धवेळ योगशिक्षक नेमले जातात. राष्ट्रीय आयुष अभियानाखाली अनेक राज्यांनी काढलेल्या जाहिरातींत मानधन एका तासाच्या सत्राला २५० रुपये दिसतं. पुरुष शिक्षकाला महिन्याला जास्तीत जास्त ३२ सत्रं, म्हणजे ८ हजार रुपये, आणि महिलेला २० सत्रं, म्हणजे ५ हजार. समजा, कोर्सची फी २५ हजार आहे. तर महिला शिक्षकाचं पाच महिन्यांचं पूर्ण मानधन फी वसूल होण्यातच जाईल, तेही नेमणूक झाली तर. म्हणून आपल्या जिल्ह्याची ताजी जाहिरात मिळवून त्यात कोणती अर्हता मागितली आहे, हे फी भरण्याआधी वाचणं शहाणपणाचं.

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल, तर बीपीएडसारखी पदवी लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी योग विषयात पदव्युत्तर शिक्षण आणि नेट किंवा सेट हा मार्ग आहे. २०० तासांचा कोर्स या दोन्हींची जागा घेत नाही.

गावातच वर्ग काढायचा असेल, तर येणारे लोक प्रमाणपत्र क्वचितच मागतात. त्यांना बरं वाटलं, दुखापत झाली नाही, तर ते टिकतात. तिथे कागदापेक्षा शिकवता येणं महत्त्वाचं.

२०० तासांचा हिशेब

२०० तास २८ दिवसांत पूर्ण करायचे, तर एकही सुट्टी न घेता रोज सात तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो. रोज दोन तास देणाऱ्या व्यक्तीला १०० दिवस लागतील. म्हणून यातले थेट वर्ग किती आणि रेकॉर्ड केलेले व्हिडिओ किती, हे आधी विचारावं. व्हिडिओ नुसता सुरू ठेवला तरी तास मोजले जात असतील, तर त्या तासांना अर्थ नाही.

बीडमधल्या वर्गात कोण येईल?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. मोळ्या वाहून कंबर, मान, गुडघे दुखणं तर नेहमीचंच. सिरसाळ्यात वर्ग काढणाऱ्या शिक्षिकेसमोर अशाही बायका बसतील. पोटावर ताण देणारं आसन कुणाला द्यायचं नाही, कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, हे तिला कळायला हवं. योगाने आजार बरा होईल असं आश्वासन तर तिने देऊच नये.

हे व्हिडिओ पाहून येत नाही. शिकणाऱ्याने खऱ्या माणसांना शिकवायचं, जाणकाराने ते पाहून चूक दाखवायची, यातूनच येतं. महाराष्ट्रातल्या जुन्या योगपरंपरेचाही भर यावरच राहिला आहे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४चं. पुण्याच्या अय्यंगार पद्धतीत तर शिक्षकाकडे काही वर्षं सलग शिकल्याशिवाय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही.

फी भरण्याआधीचे पाच प्रश्न

१. प्रमाणपत्रावर सही कुणाची: संस्थेची, विद्यापीठाची की बोर्डाची? ते नाव त्या संस्थेच्या अधिकृत यादीत सापडतं का?

२. थेट वर्गात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात आणि शिक्षक कॅमेऱ्यावर प्रत्येकाचं आसन पाहतात का?

३. आपण शिकवतानाचा वर्ग किती वेळा तपासला जातो?

४. शिकवणी मराठीत आहे का? नसेल, तर शरीररचना आणि पथ्यं-निषेध नीट समजतील का?

५. कोर्स मध्येच सोडावा लागला, तर फी परत मिळते का? हे लेखी आहे का?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एकदाही नाही' असेल, तर तो कोर्स योग शिकवतो, योगशिक्षक घडवत नाही. स्वतःच्या तब्येतीसाठी तो चालेल. पण दुसऱ्याचं शरीर ज्याच्या भरवशावर वाकणार आहे, त्याला तेवढं पुरत नाही.