नावाचा खंड आणि खेळाचा बळी

गाजलेल्या चित्रपटांची नावे लावून काढलेले जुने व्हिडिओ खेळ इतके टाकाऊ का निपजले, या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते: खेळ घडविणारा नालायक होता आणि बाजाराने त्याला योग्य ती शिक्षा दिली. हे उत्तर सोयीचे आहे. खरे मात्र नाही. या निकृष्टतेचे मूळ कारागिराच्या हातात नसून नावाच्या मालकीत आहे.

सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण घ्यावे. जून १९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा चित्रपट आला. वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीच्या अटारी कंपनीने खेळासाठी त्याचे नाव घेतले. त्यापोटी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजले गेल्याचे सांगितले जाते. वाटाघाटी जुलैअखेर आटोपल्या, आणि नाताळचा बाजार तर गाठायचाच होता. परिणामी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरच्या वाट्याला अवघे पाच आठवडे आले. एरवी अशा कामास काही महिने लागत. नावाला कोट्यवधी डॉलर आणि श्रमाला पाच आठवडे! खेळातला नायक घडोघडी खड्ड्यात पडत असे, यात नवल ते काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत हा निखळ खंड आहे. जमीनदार नांगर धरीत नाही, बी पेरीत नाही. तरी सुगीपूर्वीच त्याचा वाटा ठरलेला असतो. पीक बुडाले तर ते कुळाचे बुडते. नावाचा खंड भरणारी कंपनीही तो स्वतःच्या नफ्यातून सोसत नाही. कामगाराच्या वेळेतून आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून ती तो वसूल करते. नावच विष आहे, असे नव्हे. 'गोल्डनआय' हा चित्रपट १९९५ मध्ये आला आणि त्यावरील खेळ १९९७ मध्ये. घडविणाऱ्यांना वेळ मिळाला आणि खेळ नावाजला गेला.

विसंगती अशी की, परक्या नावासाठी थैली सैल सोडणारी हीच अटारी आपल्या कारागिरांची नावे खेळावर येऊ देत नव्हती. श्रेय आणि वाटा नाकारला गेला म्हणून चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजनची स्थापना झाली. वॉरेन रॉबिनेट यांना 'ॲडव्हेंचर' या खेळातील एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव चोरून लिहावे लागले. स्वतःच्या निर्मितीवर स्वतःचे नाव, तेही चोरून!

आता बाजाराने शिक्षा कोणाला दिली ते पाहावे. फेब्रुवारी १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग व तैवानकडे हलविण्याचे जाहीर करून कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० कामगारांच्या पोटावर पाय दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत गाडला गेला. २०१४ च्या उत्खननात तो पुन्हा वर आला. नावाचा सौदा मात्र या पडझडीपूर्वीच उरकला होता.

होटगीसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावातील कार्यकर्त्याला या अमेरिकन खेळण्यांचे काय सोयरसुतक, असा आक्षेप येईल. सोयरसुतक आहे. 'डॉन २' हा हिंदी चित्रपट डिसेंबर २०११ मध्ये आला. त्याच्या नावाचा खेळ २०१३ मध्ये प्लेस्टेशन २ या, २००० साली जन्मलेल्या यंत्रावर निघाला. जुने यंत्र स्वस्त होते आणि सामान्यांच्या घरी तेच होते. त्यात गैर काही नाही. गैर हे की, विकला गेला तो नायकाचा चेहरा. घडविणाऱ्या हातांची ओळख कोणाला झाली?

होटगीच्या शेजारच्या सोलापुराने नावाची वेगळी रीत घालून दिली आहे. 'सोलापुरी चादर' या नावास भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. हे नाव कोणा एका शेठजीच्या तिजोरीत नाही. ते त्या भूमीचे आणि विणकरांच्या पिढ्यांच्या कसबाचे आहे. येथे माल आधी आणि नाव मागून आले. परवान्याच्या खेळात नाव पुढे धावते आणि माल मागून फरफटत येतो. अर्थात, यंत्रमाग कामगाराला त्या नावाचा न्याय्य वाटा अद्याप मिळालेला नाही आणि बाहेरची स्वस्त नक्कल त्याच नावाने खपते. तो लढा बाकीच आहे. पण त्याची दिशा तरी योग्य आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. नाव भाड्याने देण्याच्या प्रत्येक करारात घडविणाऱ्यांना पुरेसा अवधी, खेळावर त्यांची नावे आणि विक्रीत त्यांचा हिस्सा बंधनकारक असला पाहिजे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या चळवळीने गावोगाव नेली, तिने 'घडवील त्याचे नाव' म्हणण्यास कचरण्याचे कारण नाही. खंड धान्यात घेतला काय किंवा नावावर घेतला काय, घाम गाळणारा आणि फळ चाखणारा वेगळाच राहतो. तो भेद मिटविणे हेच समाजवादाचे काम आहे.