पहिली बँडसॉ घेताय? आधी कोयत्याची मूठ हातात घ्या

मागच्या व्हिडिओत बँडसॉ चालवून दाखवली, पण वीस मिनिटांत सगळं बोलून होत नाही. एक गोष्ट तर मुद्दाम राखून ठेवली होती, कारण ती थोडी कडू आहे.

केज तालुक्यातल्या एका पोराच्या शेडमध्ये गेलो होतो. नाव सांगत नाही, पोरगा कष्टाळू आहे. शेडच्या मधोमध २४ इंची बँडसॉ उभी, नवीकोरी, आणि अंगावर खताची पोती शिवून केलेलं पांघरूण. म्हणाला, "सर, तीन दिवसच चालली." मोटर थ्री-फेजची आणि शेडमध्ये लाईट सिंगल-फेज. ते तीन दिवस शेजारच्या विहिरीवरून वायर ओढली होती. चौथ्या दिवशी शेजाऱ्यालाच भीती वाटली आणि त्याने वायर काढून घेतली. त्याचं बरोबरच होतं. शेतीच्या कनेक्शनवर धंद्याची मशीन चालवली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल लागतं, आणि ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याला लागतं.

मी विचारलं, यावर बनवणार काय होतास? उत्तर आलं, "फर्निचर."

इथेच सगळं आलं. आजचं बहुतेक फर्निचर प्लायवूडचं. प्लायच्या शीटला सरळ, लांब काप लागतो. ते काम गोल पात्याच्या करवतीचं, पॅनेल सॉचं. बँडसॉ लागते ती भरीव लाकडासाठी. वाकडा आकार काढायचा, जाड फळीच्या दोन पातळ फळ्या करायच्या, एकसारखे शंभर तुकडे पाडायचे, तेव्हा. पोराने मशीन चुकीची घेतली असं मी म्हणणार नाही. धंदा ठरायच्या आधी मशीन घेतली, असं म्हणेन.

माझं मत स्पष्ट आहे. बीडसारख्या जिल्ह्यात पहिली बँडसॉ १४ इंचीच्या वर घेऊ नये, आणि तीसुद्धा पहिल्या पन्नास नगांचं गिऱ्हाईक तोंडी का होईना ठरल्यावर घ्यावी. डीलर म्हणेल, "दादा, थोडे पैसे घालून मोठी घ्या, पुढं उपयोगी पडेल." पुढचं पुढं बघू.

आता आपल्याकडे गिऱ्हाईक कुठे आहे ते बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला किती माणसं निघतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. प्रत्येक कोयत्याला मूठ लागते. मूठ फुटते, तळहाताला फोड आणते, बदलावी लागते. त्याच्या जोडीला कुऱ्हाडीचा दांडा, खोऱ्याचा दांडा, खुरप्याची मूठ. घरातलं घ्या: पोळपाट, पाट, चौरंग, देव्हाऱ्याची कमान. या सगळ्याला गोलाई आहे, आणि हे सगळं १४ इंची मशीनवर बसतं. १४ इंच म्हणजे चाकाचा व्यास. पातं आणि मशीनचा खांब यांच्यात साधारण १३ इंच जागा मिळते, आणि या मापाच्या बऱ्याच मशीनवर सहा इंच उंचीचं लाकूड पात्याखालून जातं. कोयत्याची मूठ केवढी असते? मग २४ इंच कशासाठी?

लाकूडही जवळ आहे. मुठी-दांड्यांना बाभळीसारखं चिवट लाकूड नाही. आणि दुसरा एक साठा आपल्या डोळ्यांदेखत मोडतोय, तो म्हणजे जुनी माळवदं. माळवद पाडून स्लॅब टाकला की तुळया, खांब, दारांच्या चौकटी बाहेर पडतात. त्यात वर्षानुवर्षं वाळलेलं सागवान असतं, आणि कित्येक ठिकाणी ते सरपणात जातं. देव्हाऱ्याला याहून चांगलं लाकूड कोणतं? फक्त एक लक्षात ठेवा, त्यात खिळे असतात. गंजून आत गेलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. बंद पडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढा, दोरीला बांधा आणि प्रत्येक तुळईवरून फिरवा. एका खिळ्यावर ब्लेडचे दात जातात, आणि मग ब्लेड सरळ चालतच नाही.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर वन खात्याचंही बोलून घेऊ, कारण हे कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयात गोदावर्मन खटला आला, १९९६ पासून त्यात एकामागून एक आदेश निघाले आणि देशभरातल्या आरा गिरण्यांवर बंधनं आली. २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार परवान्याचा विचार राज्यस्तरीय समिती करते. गोल ओंडके चिरायची गिरणी परवान्याशिवाय टाकता येत नाही, आणि बँडसॉ हे ओंडका चिरायचंही यंत्र आहे. कापलेलं साईजचं लाकूड आणून वस्तू बनवणाऱ्याची गोष्ट वेगळी धरली जाते. पण तुमच्या मशीनला काय लागू होतं हे डीलरला विचारू नका, मलाही विचारू नका. मशीनचं माप, लाकूड कोणतं आणि कुठून आणणार, हे लिहून वन विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. मशीन घ्यायच्या आधी. हे पंधरा दिवसांचं काम कंटाळवाणं आहे, पण सील लागलेली मशीन त्याहून कंटाळवाणी.

आता मशीन बघायला गेल्यावर काय बघायचं? सगळे आधी मोटर बघतात. मी म्हणतो, सांगाडा बघा. ब्लेड ताणल्यावर वरचं आणि खालचं चाक एकमेकांकडे ओढलं जातं. सांगाडा लेचापेचा असेल तर तो झुकतो आणि ब्लेडला पूर्ण ताण कधी मिळतच नाही. तिथल्या तिथे मशीनला बसणारं सगळ्यात रुंद ब्लेड चढवायला लावा, ताणायला लावा आणि बाजूला उभं राहून नजर ठेवा. चाक हाताने फिरवा, डुगडुगतंय का बघा. चाकावरचं रबर नखाने दाबा, भेगा पडल्या असतील तर ते बदलायचा खर्च किमतीतून कमी करा. मशीन चालू करून टेबलावर नाणं उभं ठेवा. पडलं तर का पडलं ते विचारा. जुनी मशीन वाईट नसते, पण जुनी बेअरिंग वाईट असते.

मोटर सिंगल-फेज, दीड ते दोन एचपी, पुरते. पण गावात संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते आठ दिवस मीटर लावून लिहून ठेवा. १७०-१८० वर मोटर सुरू होताना कण्हते आणि एक दिवस जळते.

वेगाचा हिशोब दहावीच्या गणितातला आहे. मोटर १४४० आरपीएमची, मोटरवर १०० मिमीची पुली आणि मशीनवर १६० मिमीची, तर चाक ९०० फेरे घेतं. ३५० मिमीच्या चाकावर ब्लेड मिनिटाला सुमारे ९९० मीटर धावतं. लाकडाला हा वेग ठीक आहे. ब्लेडची लांबीही अशीच काढायची. चाकाच्या व्यासाला ३.१४ ने गुणा आणि दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट मिळवा. व्यास ३५०, अंतर ६०० असेल तर २३०० मिमी. मोजताना ताणाचा स्क्रू मधोमध ठेवा. मग चौकशी करा की ब्लेडला जोड मारून देणारा बीडमध्ये आहे, की संभाजीनगर नाहीतर लातूर गाठावं लागतं. तसं असेल तर एका वेळी चार ब्लेड करून आणा.

ब्लेड एकच ठेवून सगळं काम करणारे खूप पाहिले. मुठीच्या गोलाईला ६ मिमी रुंदीचं, इंचाला ६ दातांचं. हे ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं. १२ मिमीचं ब्लेड ६० मिमीच्या आत वळवायला गेलात तर ते पिळतं आणि लाकूड जळतं. फळी उभी चिरायची असेल तर मशीन पेलेल तेवढं रुंद आणि इंचाला ३ दातांचं ब्लेड घ्या. मोठ्या दातांमध्ये भुसा मावतो. बारीक दातांचं ब्लेड ओल्या बाभळीत घातलं तर भुसा अडकतो, ब्लेड तापतं, आणि आपण म्हणतो मशीन बेकार.

बसवताना घाई नको. प्लग काढून ठेवा. पाया सपाट करा, चारी पाय टेकले पाहिजेत. गाईड सगळे मागे घ्या, ब्लेड चढवा, थोडं ताणा आणि वरचं चाक हाताने फिरवत तिरकेपणाचा स्क्रू हळूहळू फिरवा. ब्लेड रबराच्या मध्यावर धावायला लागलं की पूर्ण ताण द्या आणि पुन्हा फिरवून बघा. मग टेबल गुण्याने ब्लेडशी काटकोनात आणा. बाजूचे गाईड ब्लेडपासून कागदाच्या जाडीइतके लांब आणि दातांच्या खाचेच्या मागे. दातांना गाईड लागला तर दात गेले. मागचं बेअरिंग रिकाम्या चालीत ब्लेडला टेकू नये, लाकूड लोटल्यावरच टेकावं. गाईडचे बरेच जण आधी बाजूचे लावतात आणि शेवटी ब्लेड सरळ करायला बघतात, म्हणून ते सरळ होत नाही.

तरी काप तिरका जातो? फळीवर पेन्सिलने सरळ रेघ मारा आणि फेन्स न लावता, हातानेच रेघेवरून अर्ध्यापर्यंत कापा. मशीन बंद करा, फळी आहे तशीच धरून टेबलावर तिच्या कडेची रेघ मारा. तुमचं ब्लेड त्या दिशेने जातं. फेन्स त्या रेघेला लावा. ब्लेड बदललं की पुन्हा हेच.

गोल फांदी कधीही मोकळी कापू नका. ब्लेड तिला गिरकी देतं आणि हात सोबत जातो. इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात ती ठोकून बसवा, मगच लोटा. हातमोजे नकोत, गळ्यात रुमाल नको. वरचा गाईड लाकडाच्या बोटभर वरच ठेवा. संध्याकाळी ब्लेडचा ताण सैल करून घरी जा.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. सुतारकाम पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. पीएमईजीपीत रक्कम मोठी मिळते, पण सबसिडी तीन वर्षं बँकेत अडकलेली असते, हातात येत नाही. सबसिडीच्या आकड्याकडे बघून मशीनचं माप ठरवणारे लोकच पुढे पोती शिवतात. एक लाख हातात असतील तर मशीनवर साठ हजारांच्या वर जाऊ नका. बाकीचे ब्लेड, वायरिंग, लाकूड आणि उधारीला ठेवा, कारण कृषी केंद्रवाला पहिला माल रोखीने घेणार नाही.

केजच्या त्या पोराला मी मशीन विकायला सांगितली. अजून मन होत नाही म्हणतो. मात्र परवा त्याचा फोन आला होता. त्याने हातकरवतीने आणि वाकसाने बाभळीच्या बारा मुठी केल्या आणि गावातल्या मुकादमाला दाखवल्या. मुकादमाने दोन बाजूला काढल्या, म्हणाला, बाकीच्या जाड आहेत, बायकांच्या हातात बसायच्या नाहीत. आता तो बायकांच्या हाताचं माप घेतोय.