व्हिसा कुणाच्या नावाचा?

परदेशात लग्न होऊन गेलेल्या आणि तिथे टाकल्या गेलेल्या मुलींचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये हल्ली एक सूर हमखास लागतो. ‘त्या देशांनी नवरा-बायकोच्या व्हिसाचे नियम आणखी कडक करावेत. खोटी लग्नं तरी थांबतील, आपल्या मुली तरी वाचतील.’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणी घरात बसून बोलणाऱ्या नाहीत. पासपोर्ट काढून घेऊन माहेरी धाडलेल्या बायकांसाठी त्यांनी पोलीस ठाण्यांचे उंबरे झिजवले आहेत. त्यांच्या कळकळीविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही ही मागणी स्त्रियांच्या हिताची नाही, उलट त्यांच्याच गळ्याशी येणारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरण ब्रिटनचं घेते, कारण आमच्या नाशिकच्या समुपदेशन केंद्रात आलेली आणि मी पहिल्यापासून पाहिलेली केस तिथली आहे.

आधी ‘स्पॉन्सर’ हा शब्द नीट पाहू. पतपेढीतून कर्ज काढताना जामीनदार लागतो, तो पैशाची हमी घेतो. इथे हमी माणसाची घ्यायची असते. ब्रिटनचा नागरिक किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना असलेली व्यक्ती आपल्या परदेशी जोडीदाराला बोलावते, म्हणजे ‘हे माणूस माझं आहे, ह्याचा भार सरकारवर पडू देणार नाही’ असं कबूल करते. आलेल्या माणसाला सरकारी मदतीवर हक्क नसतो, तशी अटच व्हिसावर असते. लग्न टिकलं तर व्हिसा टिकला. बाईला एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे ती भटजी लावतो, तिथे गृहखातं लावतं, एवढाच फरक!

आता आमच्याकडे आलेल्या बाईविषयी. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. २०११ साली तिचं लग्न ब्रिटिश नागरिक असलेल्या एका मराठी मुलाशी झालं. पत्रिका जुळली, देणंघेणं झालं, मुलाचा पगार भरपूर. व्हिसा सहज मिळाला. त्या वेळी अशा बायकोला दोन वर्षं ‘तात्पुरतं’ राहावं लागे, मग कायमचा परवाना. सहा महिन्यांत पासपोर्ट सासूच्या कपाटात गेला. मारहाण सुरू झाली. पण ती म्हणते, मारापेक्षा एक वाक्य जास्त लागायचं. ‘एक फोन करीन, उद्या विमानात बसवतील तुला.’ नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची, असं आपण म्हणतो. इथे मारणारा आणि झोडपणारा एकच होता, कारण पावसाची चावी सरकारने त्याच्याच हातात दिली होती.

२०१२ च्या हिवाळ्यात ती घर सोडून निघाली आणि वाचली. का वाचली? नियम कडक होता म्हणून नव्हे. त्या कडक नियमाला बायकांनी पाडलेल्या एका भोकातून ती बाहेर पडली. पश्चिम लंडनच्या साऊथॉलमध्ये १९७९ साली आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संघटना उभी केली. ‘नवऱ्याबरोबर राहा नाहीतर देश सोडा’ ह्या अटीविरुद्ध ती वर्षानुवर्षं लढली. त्यातून १९९९ साली कौटुंबिक हिंसेला बळी पडलेल्या बायकोला स्वतःच्या हक्काने राहू देण्याची सवलत मिळाली, २००२ साली ती नियमांत आली. एप्रिल २०१२ पासून अशा बाईला अर्ज करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आणि तेवढ्या काळापुरती सरकारी मदतही मिळू लागली. ही सवलत कुणा मंत्र्याच्या अंतःकरणातून पाझरलेली नाही. आमची मैत्रीण आधारगृहात राहिली, तिला कायमचा परवाना मिळाला, घटस्फोट झाला आणि ती एका वृद्धाश्रमात कामाला लागली. परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढते, असं ती स्वतःच सांगते, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही.

पुढे शाळेतल्या एका जुन्या वर्गमित्राशी तिचं फोनवर बोलणं सुरू झालं. तो नाशिकला वायरमन. जात वेगळी. रात्रपाळी संपवून ती बसमध्ये बसायची तेव्हा इथे त्याची जेवणाची सुट्टी जवळ आलेली असायची. चार वर्षं हे चाललं. मधल्या काळात दोनदा ती येऊन गेली. दोन्ही घरांचा विरोध होता. तिच्याकडच्यांचा जातीवरून, त्याच्याकडच्यांचा ‘सोडलेली बाई’ म्हणून. शेवटी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरलं. ह्या कायद्यात नोटीस द्यायची, ती कचेरीच्या फलकावर लागते आणि तीस दिवस थांबायचं. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या भावांना आणि काकांना वाचायला मिळावी म्हणूनच जणू ती तिथे लावतात! त्या तीस दिवसांसाठी आणि पुढे घर शांत करण्यासाठी तिने दोन महिने बिनपगारी रजा काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लग्न झालं. लागणाऱ्या तीन साक्षीदारांपैकी एक मी.

आणि इथे गणित बिघडलं. ब्रिटनने जुलै २०१२ पासून स्पॉन्सरसाठी उत्पन्नाची रेषा आखली होती, वर्षाला १८,६०० पौंड. तिचा पगार ताशी १०.४२ पौंड, आठवड्याचे साडेसदतीस तास, म्हणजे वर्षाला सुमारे २०,३०० पौंड. रेषेच्या वर. पण पगाराच्या सलग सहा महिन्यांच्या स्लिपा दाखवाव्या लागतात, आणि बिनपगारी रजेमुळे तिच्या तुटल्या होत्या. नवे सहा महिने भरण्याआधीच, ११ एप्रिल २०२४ पासून, रेषा २९,००० पौंडांवर गेली. त्याच महिन्यापासून तिथलं किमान वेतन ताशी ११.४४ पौंड झालं, एप्रिल २०२५ पासून १२.२१. १२.२१ च्या दरानेसुद्धा पूर्णवेळ राबणाऱ्या बाईला वर्षाला २३,८०० पौंडांच्या आसपास मिळतात. २९,००० गाठायला तिने बावन्न आठवडे, दर आठवड्याला जवळजवळ ४६ तास, एकही बिनपगारी सुट्टी न घेता काम करायचं. किंवा बँकेत ८८,५०० पौंड शिल्लक दाखवायचे! नवऱ्याची नाशिकची कमाई मोजत नाहीत. तिथे गेल्यावर वायरमन काय मिळवेल तेही मोजत नाहीत. शिवाय अर्जाची फी एप्रिल २०२५ च्या दराने १,९३८ पौंड आणि आरोग्यसेवेचा अधिभार ३,१०५ पौंड, हे वेगळं.

मैत्रिणींनो, ह्या दोन लग्नांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. तीच बाई, तोच देश. मारणाऱ्या नवऱ्याची फाईल एका झटक्यात मंजूर झाली, कारण त्याचा पगार मोठा होता. प्रेमाने केलेलं, जात मोडून केलेलं, बिनहुंड्याचं दुसरं लग्न कागदावर उतरायलाच तयार नाही, कारण ह्या वेळी स्पॉन्सर बाई आहे आणि बाईच्या कामाला तिथेही भाव नाही. कडक नियमांनी नेमकं कुणाला गाळलं?

अर्जाची फाईल तयार करायला ती आणि मी एका सल्लागाराकडे गेलो होतो. नातं ‘खरं आणि चालू’ आहे हे सिद्ध करावं लागतं. त्याने फोटो चाळले. हळदीचे नाहीत? मंगलाष्टकांचे नाहीत? आईवडील कुठे दिसत नाहीत? मग त्याने सुचवलं, एखादा हॉल घ्या, भटजी बोलवा, फोटोपुरतं परत लग्न लावा, साहेबांना तसंच आवडतं. म्हणजे खरं लग्न खरं दिसावं म्हणून खोटं लग्न लावायचं! आम्ही अर्थातच तसं केलं नाही. त्याऐवजी फोनवरचे चार वर्षांचे निरोप छापून काढले. त्यातले कुठले एका अनोळखी अधिकाऱ्याने वाचलेले चालतील हे ती एक एक पान उलटत ठरवत होती. भांडणाचं ठेवायचं की काढायचं? भांडण नसेल तर नातं खोटं वाटेल, असेल तर मोडकळीला आलेलं वाटेल.

हा संशय आजचा नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी उतरलेल्या पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य तपासणी’ करण्यात आली. आधीच लग्न झालेली बाई वाग्दत्त वधू म्हणून घुसते आहे, असा अधिकाऱ्यांचा संशय. एका पुरुष डॉक्टरने ती तपासणी केली. बातमी फुटल्यावर तिथल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी विमानतळावरच निदर्शनं केली. सरकार म्हणालं, अपवादाने घडलं. पण २०११ साली संशोधकांनी सरकारी कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा सत्तरच्या दशकात निदान ऐंशी बायकांवर हे झाल्याचं दिसलं, तेही बहुतेक दिल्ली-मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांत. आपल्याच शहरांत!

त्याच सुमारास ब्रिटनने आणखी एक नियम केला. तिथे स्थायिक झालेला पुरुष आपल्या बायकोला बोलावू शकेल, पण बाईला नवरा बोलावणं अवघड. युक्तिवाद काय, तर पुरुष आला की नोकरी बळकावतो, बाई येते ती घरात बसते. नर्गिस अब्दुलअझीझ ह्या मूळच्या भारतीय वंशाच्या बाईने दमणला जन्मलेल्या आपल्या नवऱ्यासाठी आणि तिच्याबरोबर आणखी दोघींनी हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेलं. मे १९८५ मध्ये त्या जिंकल्या, हा लिंगभेद आहे असा निकाल लागला. मग सरकारने काय केलं? नवऱ्यांची वाट मोकळी केली नाही, बायकांचीही तेवढीच अडवली. लग्नाचा ‘मूळ हेतू’ ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे सिद्ध करण्याची जाचक अट आता दोघांनाही लागली. ती १९९७ साली जाईपर्यंत कित्येक संसार फोनवरच चालले. समता दिली ती अशी! आपल्याकडे समान नागरी कायद्याची चर्चा होते तेव्हा मला हा निकाल नेहमी आठवतो, पण तो विषय वेगळा.

‘आशियाई मुलींच्या भल्यासाठी’ हे पालुपदही जुनंच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये जोडीदाराच्या व्हिसाचं किमान वय अठरावरून एकवीसवर नेलं, कारण दिलं जबरदस्तीची लग्नं थांबवण्याचं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. कोर्टात आलेल्या जोडप्यांवर कुणी जबरदस्ती केली आहे असं सरकारचंही म्हणणं नव्हतं. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, ‘तात्पुरती’ मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. आपल्या ज्या मैत्रिणी कडक नियम मागतात त्यांनी एवढंच सांगावं, मारहाण सोसण्याची मुदत दोन वर्षांची पाच झाल्याने कुठल्या मुलीचं भलं झालं?

फसवणारे नवरे कोण असतात हे आपल्या नोंदवह्या सांगतात. ते मोठ्या पगाराचे, कागदपत्रं चोख असलेले, इंग्रजी फाडफाड बोलणारे असतात. २९,००० काय, त्याच्या दुप्पट पगार ते सहज दाखवतात. नियमांची चाळणी गरिबाला अडवते, लबाडाला नाही. आणि हाच देश आपल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला आपल्याकडच्या बायका बोलावत होता, तेव्हा ११ मार्च २०२४ पासून त्याने फर्मान काढलं की नव्याने येणाऱ्या अशा सेविकेने नवरा आणि मुलं मागे ठेवून यावं. हात हवेत, बाई नको.

दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवताना आपल्या अंगणातही पाहावं लागेल. १९९२ सालापर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व फक्त बापाकडून मिळे, आईकडून नाही. आजही भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला लग्न दोन वर्षं टिकल्यावर ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकतं, आणि घटस्फोट झाला की नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ड खाली ते रद्द होऊ शकतं. मग तिची नोकरी इथे असो, मुलं इथल्या मराठी शाळेत जात असोत. पुण्यातला नवरासुद्धा तिला तेच वाक्य ऐकवू शकतो. विमानात बसवीन.

ऐंशीच्या दशकात संगमनेरकडून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तेव्हा टाकलेल्या बायकांनी स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं होतं. नवऱ्याने नीट नांदवावं म्हणून सरकारने त्याला दम द्यावा, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कागद स्वतःच्या नावाचा हवा, असं त्या म्हणाल्या. व्हिसाच्या बाबतीत आपली मागणी तीच असली पाहिजे. लग्न करून आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचा राहण्याचा हक्क, लग्न मोडलं तरी न मोडणारा. बोलावणारीच्या पगाराची रेषा नको. हिंसा झालीच तर मदतीचं दार तीन महिन्यांत बंद होता कामा नये.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केस नोंदवण्याचा जो तक्ता शिकवला त्यात वय, शिक्षण, माहेर, सासर, उत्पन्न सगळं होतं, व्हिसाचा रकाना नव्हता. आमच्या केंद्राने तो आता घातला आहे: व्हिसा कुठल्या प्रकारचा, कुणाच्या आधारावर, मुदत कधी संपते, पासपोर्ट कुणाजवळ. कलम ७-ड मधली घटस्फोटाची तरतूद काढून टाकावी अशा निवेदनाचा मसुदाही तयार आहे. ज्या संघटनांकडे परदेशी सुनांची अशी कामं आली असतील त्यांनी, त्या बायकांची संमती घेऊन, नावं वगळून तपशील पाठवावेत. त्याशिवाय हे निवेदन दिल्लीला नेण्यात अर्थ नाही.