फँटसी फुटबॉल : पैजेविना उरलेले ड्राफ्टचे गणित

इंग्लिश प्रीमियर लीगचा २०२६-२७ चा मोसम २२ ऑगस्टच्या सप्ताहअखेरीस सुरू होत आहे. याच तारखेला, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऑनलाइन गेमिंगविषयक विधेयकावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली होती. त्यापाठोपाठ ड्रीम इलेव्हनसह अनेक कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा गुंडाळल्या. फुटबॉल हा राज्यखेळ असलेल्या गोव्यात शनिवारची संध्याकाळ इंग्लंडमधील सामन्यांसाठी राखून ठेवणारा प्रेक्षक मोठा आहे. त्याच्यापुढे आता फँटसी फुटबॉलचे विनामूल्य रूप तेवढे उरले आहे. या रूपाकडे नीट पाहिले, तर कौशल्य आणि नशीब यांच्या जुन्या वादावरही प्रकाश पडतो.

नव्या कायद्याने हा वाद बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा. जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरले जात असतील, तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास मात्र शिक्षेची तरतूद नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या, उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. कंपन्यांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद कौशल्याचाच आहे. हे कौशल्य नेमके कुठे दिसते, हा खरा प्रश्न.

प्रीमियर लीगच्या अधिकृत फँटसी खेळाचे दोन प्रकार आहेत. नेहमीच्या प्रकारात दहा कोटी पौंडांच्या काल्पनिक रकमेत पंधरा खेळाडू घ्यायचे असतात आणि एकच खेळाडू लाखो संघांत असू शकतो. ड्राफ्टमध्ये रक्कम नसते. दोन ते सोळा जणांचा गट आळीपाळीने खेळाडू निवडतो आणि एकदा निवडलेला खेळाडू गटात दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. निवडीचा क्रम प्रत्येक फेरीनंतर उलटतो. दहा जणांच्या गटात पहिल्याला पहिली, विसावी आणि एकविसावी निवड मिळते. दहाव्याला दहावी आणि अकरावी लागोपाठ. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धकाला सर्वोत्तम खेळाडू मिळतो खरा. पण नंतर अठरा नावे डोळ्यांदेखत जाताना पाहावी लागतात.

येथे टंचाईचे गणित सुरू होते. प्रत्येक संघात दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मध्यरक्षक आणि तीन आघाडीपटू लागतात. दहा जणांच्या गटाला तीस आघाडीपटू हवेत. लीगमध्ये क्लब वीस आणि त्यांतील बरेच एकाच आघाडीपटूनिशी खेळणारे. साहजिकच नियमित खेळणारे आघाडीपटू लवकर संपतात. गोलरक्षकही वीसच लागतात; पण त्यांच्यातील गुणांचा फरक तुलनेने कमी असल्याने ते शेवटच्या फेऱ्यांत घेतले तरी फारसे बिघडत नाही. त्यामुळे ‘सर्वांत जास्त गुण कोण मिळवील’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ‘हा हातचा गेला, तर त्याच जागेसाठी पुढच्या पाळीला कोण उरेल’ हा प्रश्न त्याहून मोलाचा. दोघांतील अंतर जिथे मोठे, तिथे आधी हात घालावा.

दुसरा सापळा गतमोसमातील आकड्यांचा. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने २९ गोल केले, १८ गोलांना साहाय्य केले आणि फँटसी खेळात ३४४ गुणांचा विक्रम नोंदवला. पुढच्या मोसमासाठी तो सर्वांत महागडा खेळाडू ठरला. त्याच मोसमात नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी सलग तीन सामन्यांत त्याला सुरुवातीच्या अकरांत स्थान मिळाले नाही. गेल्या वर्षीचे गुण हा झालेला हिशेब असतो. वय, प्रशिक्षकाचा विचार, सोबतीचे खेळाडू आणि पेनल्टी कोण घेतो, यांवर पुढचे गुण ठरतात.

यंदा त्यात विश्वचषकाची भर आहे. अंतिम सामना १९ जुलैला आणि लीग जेमतेम महिन्याभराने. शेवटच्या टप्प्यांपर्यंत खेळलेल्यांना विश्रांती कमी मिळते आणि अनेकदा ते पहिल्या काही सामन्यांत बाकावरून सुरुवात करतात. ज्यांचे देश पात्र ठरले नाहीत किंवा लवकर बाद झाले, त्यांना पूर्वतयारीचा पूर्ण लाभ मिळतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत मोठी नावे घ्यावीत. परंतु राखीव जागांवर अशा ताज्यातवान्या खेळाडूंना स्थान द्यावे.

अशा निवडीचा कस अडतीस फेऱ्यांत लागतो. एखाद्या सामन्यात आडवी लागलेली गोलची फटकार किंवा चुकीचे लाल कार्ड सारे उलटवू शकते. पण नऊ महिन्यांत अशा घटना बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात आणि जाणकाराची निवड वर येते. एका संध्याकाळच्या सामन्यावर पैसे लावायला लावणाऱ्या स्पर्धांत हा अवधीच नव्हता. तिथे नशिबाचा वाटा मोठा आणि हरलेल्याला लगेच पुन्हा डाव मांडण्याचा मोह त्याहून मोठा. कौशल्याचा दावा खऱ्या अर्थाने मोसमभर चालणाऱ्या रूपालाच शोभतो, हे या वादात ध्यानात घ्यायला हवे.

म्हणूनच मित्रांच्या ड्राफ्टमध्ये वर्गणी जमवून बक्षीस ठेवण्याची हौस टाळलेली बरी. कायद्याची व्याख्या रुंद आहे आणि तिचा अंतिम अर्थ न्यायालयाला लावायचा आहे. शिवाय मे महिन्यात गटाच्या तक्त्यात शेजाऱ्याच्या वर आपले नाव पाहण्याचे समाधान पैशांत मोजण्यासारखे नसतेच.