पूर ओसरल्यावर नको, मृगाच्या आधी या

२२ जुलै २०२१ च्या रात्री मी पुण्यात बसून अम्मीला फोन लावत होतो. महाड तालुक्यात सावित्रीच्या काठाजवळ आमचं घर आहे. संध्याकाळी ती एवढंच बोलली होती, "पाणी गल्लीत आलंय, फुप्पीला घेऊन माळ्यावर जाते." त्यानंतर दीड दिवस फोन लागला नाही. वीज गेली होती, मोबाईलचे टॉवर बंद होते, रस्ता पाण्याखाली होता. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि आमच्या दारावरून खाडीला जाते. त्याच संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली.

अम्मी आणि फुप्पी सुखरूप राहिल्या, अल्हम्दुलिल्लाह. अम्मीने माळ्यावर नेलं ते कुराण शरीफ, दागिन्यांची डबी आणि तांदळाचा डबा. फुप्पीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं आणि फ्रिज पाण्यावर तरंगत होता. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत दादांच्या काळातला सातबारा, शाळेचे दाखले, पासपोर्ट, सगळ्यांचे जन्मदाखले होते. त्या पेटीची आठवण कुणालाच झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मदत सुरू झाली, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. मुंबई-पुण्याहून टेम्पो आले, मशिदीच्या आवारात देगी चढल्या. आमच्या पोरांनी घर कुणाचं हे न विचारता चिखल उपसला. पण बिस्किटं आठ प्रकारची आली आणि इन्सुलिन एकाही टेम्पोत नव्हतं. पोरं अनवाणी चिखलात उतरली होती. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यासाठी गमबूट घालावेत आणि डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी, हे सांगायला कुणी नव्हतं.

आपली कौम मदतीत कधीच मागे नसते. आपण कमी पडतो ते आदल्या दिवशी. आणि कोकणात आदला दिवस कधी येतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. २००५ च्या जुलैत याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इरशाळवाडीवर रात्री झोपेत दरड आली.

हे बोललं की गावातले बुजुर्ग म्हणतात, "बेटा, अल्लाहची मर्जी." मर्जी त्याचीच, यात वाद नाही. पण उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, हे आपण मक्तबमध्येच शिकलो. हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांनी दुष्काळ येणार म्हणून सात वर्षं धान्य साठवायला लावलं, तेव्हा त्यांचं ईमान कमी झालं नव्हतं.

कागदांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण २०१९-२० नंतर आपल्या घरांत कागद या शब्दाची धास्ती वेगळीच आहे. पुरानंतर पंचनाम्याला तलाठी येतात, तेव्हा आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक लागतं. आमचे कागद लगदा झाले होते. मी सॉफ्टवेअरवाला, मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "डिजिलॉकरमधून काढू." अम्मीच्या आधारला भावाचा कुवेतला जाण्यापूर्वीचा, केव्हाच बंद झालेला नंबर जोडलेला होता. ओटीपी कुठे जाणार? ऑफिसात मी ज्युनियर पोरांना सांगतो की बॅकअप परत उघडून पाहिला नसेल तर तो बॅकअप धरायचा नाही. घरी मी स्वतः कधी उघडून पाहिला नव्हता. म्हणून आधी आईवडिलांच्या आधारचा मोबाईल नंबर तपासा. मग कागदांचे फोटो गावाबाहेरच्या दोन नातलगांकडे ठेवा आणि मूळ कागद चेनच्या प्लास्टिक पिशवीत, उंच जागी. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे असेल तर ते याच महिन्यात दुरुस्तीला द्या, कारण हरवलेला कागद पुन्हा काढताना तोच फरक नडतो.

दुसरी पिशवी खुंटीला टांगायची. तिच्यात आठवडाभराची औषधं, बॅटरी, भरलेली पॉवर बँक, क्लोरिनच्या गोळ्या, बाळ असेल तर त्याचं दूध, थोडी रोकड, शिट्टी. इन्सुलिन फ्रिजमध्येच राहणार, पण पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा: "फ्रिज उघड." आमच्या पिशवीवर ते फुप्पीने स्वतः लिहिलंय.

घरापुरतं एवढं पुरे. पण निघायचं कधी, हे एकट्या घराला ठरवता येत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट २४ तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाच्या शक्यतेला असतो. तो जिल्ह्यासाठी येतो, तुमच्या गल्लीसाठी नाही. गल्लीची खूण गावानेच ठरवायला हवी. पुलाच्या खांबावर रंगाची रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की खालच्या आळीने निघायचं, चर्चा नाही. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली तर सावित्रीचं पाणी उतरत नाही. म्हणून भरतीचं वेळापत्रक नमाजच्या वेळांशेजारी लावा. डोंगराखालच्या वाड्यांना खूण वेगळी: उतारावर नवी भेग, कललेले खांब आणि झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा. हे दिसलं की पावसात रात्र तिथे काढायची नाही आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवायचं.

ही बातमी पोचवायला मशिदीच्या भोंग्यापेक्षा चांगलं साधन गावात नाही, पण पहिल्याच तासात वीज जाते आणि भोंगा मुका होतो. त्याला वेगळी बॅटरी हवी, शिवाय एक हातातला मेगाफोन, आणि इशारा मराठीत, म्हणजे शेजारच्या आळीलाही कळेल. पैसे झकातीतून काढू नका, तिचे हकदार ठरलेले आहेत. लिल्लाहच्या पेटीतून काढा.

अजून एक गोष्ट राहते, आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. आमच्या जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे पुरुष आहेत, त्यातले निम्मे कुवेत, दुबई आणि मुंबईत. पूर येतो तेव्हा घरात असतात अम्मी, फुप्पी, भाभी आणि लेकरं. आम्ही आखातातून इशारे फॉरवर्ड करतो आणि ते बायकांपर्यंत पोचतच नाहीत. आपत्तीच्या कमिटीत बायका हव्यात, खालच्या आळीतल्या आधी. मी हे बैठकीत मांडलं तेव्हा जरा शांतता झाली. मग सदरसाहेब म्हणाले, "आधी छताची गळती बघू."

बकरी ईद यंदा पावसाच्या तोंडावर येते आहे. सगळे गावात असतील. तेव्हा मी रंगाचा डबा घेऊन पुलावर जाणार आहे. रेघ कुठे मारायची ते अम्मी दाखवणार आहे. २०२१ ला पाणी गल्लीत शिरलं तेव्हा ते खांबावर कुठवर होतं, हे तिला नेमकं आठवतं.