पुन्हा तोच धबधबा

जूनच्या अंकासाठीचे लेख एप्रिलपासूनच येऊ लागतात. पावसात कॅमेरा कसा झाकावा, एनडी फिल्टर कोणता घ्यावा, धबधबा रेशमासारखा दिसण्यासाठी शटर किती मंद ठेवावं. जुलैत वारी, सप्टेंबरात कास, दिवाळीला आकाशकंदील, थंडीत भिगवणचे रोहित, उन्हाळ्यात ताडोब्याचा वाघ. छायाचित्रणाच्या मासिकांचं हे पंचांग इतकं पक्कं झालं आहे की जुना वर्गणीदार अंक न उघडताच अनुक्रमणिका सांगू शकेल.

दरवर्षी नवे वाचक येतात आणि त्यांना अ‍ॅपर्चर नव्यानेच कळायचं असतं, हा या धंद्याचा जुना हिशेब. तो अनेक दशकं बरोबर ठरला, कारण शिकायला दुसरी सोय नव्हती आणि कॅमेऱ्याच्या जाहिराती भरपूर होत्या. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. १९३७ पासून निघणाऱ्या अमेरिकेच्या 'पॉप्युलर फोटोग्राफी'चा छापील अंक २०१७ मध्ये बंद झाला. आज शटर आणि आयएसओचं नातं मराठीतूनही फोनवर फुकट समजतं. त्यासाठी कोणी मासिकाचे पैसे का मोजावेत?

पण विषय पुन्हा येतो, हा दोष नव्हे. निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचं एकत्र छायाचित्र काढलं. चौघी दर वेळी त्याच क्रमाने उभ्या. एकेकटं पाहिलं तर ते साधं कौटुंबिक छायाचित्र. ओळीने पाहिलं की वय, जवळीक, थकवा सगळं दिसू लागतं. तोच विषय दरवर्षी घेण्याचं सार्थक तिथे होतं, कारण आधीचं छायाचित्र पुढच्याला जाब विचारतं.

आपल्याकडे हे का होत नाही? शिवडीच्या चिखलात रोहित पाहायला थंडीत कॅमेरेवाल्यांची रांग लागते. त्याच किनाऱ्यावरून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पुलाचा पहिला खांब उभा राहण्याआधीपासून दर हिवाळ्यात तिथे जाणारे तुमच्यापैकी अनेक जण आहेत. त्यांच्याकडे जे आहे, ते दुसऱ्या कोणाकडेही असणं शक्य नाही. तरी लेख येतो तो भरतीच्या वेळेचा आणि ६०० मिलिमीटर लेन्सचा. आणि सोबतच्या फोटोत पूल फ्रेमबाहेर ठेवलेला असतो. ही आम्हाला सर्वांत मोठी हानी वाटते. पक्षी सुंदर आला, पण त्या जागेचं काय झालं ते आलं नाही.

रचनेच्या लेखांचंही तेच. 'रूल ऑफ थर्ड्स' १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ यांनी निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला, कॅमेऱ्याचा जन्म व्हायच्या आधी. तो आणखी एकदा समजावणारा लेख नको. तो मोडल्यामुळे तुमचं कोणतं छायाचित्र उभं राहिलं, ते लिहा. आम्ही आनंदाने छापू.

नवशिक्यांसाठीचं पान कायम राहील, कारण नव्या वाचकाचा तो हक्क आहे. मात्र ते एकच पान असेल. उरलेल्या पानांसाठी तुमच्याकडून एकाच जागेची निरनिराळ्या वर्षांची छायाचित्रं हवीत, तारीख आणि वेळेसह. निवडलेल्या फ्रेमबरोबर टाकून दिलेल्या फ्रेमही पाठवा आणि त्या का टाकल्या ते लिहा. वारीत ज्यांचा चेहरा टिपला, त्यांच्याशी काय बोलणं झालं तेही येऊ द्या. कॅमेऱ्याचं मॉडेल शेवटच्या ओळीत पुरे.

सप्टेंबरच्या अंकाचं साहित्य १५ जुलैपर्यंत पोचावं. कास पाठवणार असाल, तर टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते हे लक्षात घेऊन मागच्या बहराचे फोटोही शोधून ठेवा.